इल्तिहाब: आगीचा शब्द, जंतूंचा नव्हे

प्रश्न थोडक्यात असा. चिपळूणच्या एका ताईंचा धाकटा भाऊ कुवेतला वेल्डर आहे. उजवा हात वर जाईना म्हणून तो दवाखान्यात गेला, तिथून चार दिवसांच्या रजेचा कागद मिळाला. त्यावर अरबीत लिहिलंय, 'इल्तिहाब औतार अल्-कतिफ'. खोलीतला सोबती म्हणाला, "इल्तिहाब म्हणजे इन्फेक्शन. कंपनीला कळलं तर तुला वेगळं ठेवतील." मोबाइलवर भाषांतर केलं तर 'खांद्याच्या तारा पेटल्या' असं काहीतरी आलं. आता भाऊ तिकडे कागद लपवून बसलाय आणि आई इकडे जेवत नाही.

ताई, आधी आईला ताटावर बसवा. भावाला झालंय ते कुणालाही लागत नाही. 'कतिफ' म्हणजे खांदा. 'औतार' हे 'वतर' या शब्दाचं अनेकवचन आहे, आपला अवतार नव्हे. वतर म्हणजे ताणलेली दोरी. धनुष्याची प्रत्यंचा वतर, ऊद नावाचं तंतुवाद्य असतं त्याची तार वतर, आणि स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारा पांढरा चिवट दोरही वतर. शाळेच्या पुस्तकात आपण त्याला कंडरा म्हणतो, हाडांच्या डॉक्टरांकडे गेलं की टेंडन. खांद्याच्या या दोरांना दाह झालाय, डॉक्टरी भाषेत टेंडनायटिस. हात डोक्याच्या वर धरून महिनोन्‌महिने काम केलं की हे होतं, आणि वेल्डर तेच करतो. तेव्हा मोबाइलने केलेलं भाषांतर विनोदी असलं तरी सोबत्याच्या भाषांतरापेक्षा ते जास्त खरं आहे.

पण सोबत्याला हसू नका. तो जे म्हणाला तेच मी मस्कतच्या पहिल्या वर्षी म्हणत होते. नऊ वर्षं तिथे नर्स होते, आणि गेली बारा वर्षं मुंबईत अरब रुग्णांसाठी दुभाषी म्हणून काम करते. ओमान, येमेन, इराक, सुदान इथून माणसं येतात, कुणी गुडघे बदलायला, कुणी हृदयासाठी, कुणी मूल होत नाही म्हणून. पावसाळ्यात तर काही जण उपचार आणि पाऊस दोन्ही एकाच तिकिटात उरकतात. या सगळ्या वर्षांत सर्वांत जास्त वेळा कानावर पडलेला आजाराचा शब्द कोणता, असं विचारलंत तर उत्तर 'इल्तिहाब' हेच. आणि सर्वांत जास्त वेळा चुकीचा पोचवला जाणारा शब्दही तोच.

शब्द उघडून पाहू. अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळावर उभे असतात. इथलं मूळ आहे ल-ह-ब. 'लहब' म्हणजे ज्वाळा. कुराणातल्या 111 व्या सूऱ्यात, म्हणजे अध्यायात, अबू लहब येतो, शब्दशः 'ज्वाळेचा बाप', आणि त्याच सूऱ्यात ज्वाळांनी भरलेल्या आगीचाही उल्लेख आहे. आमच्या कोकणातल्या मोहल्ल्यांतल्या शाळकरी पोरांनासुद्धा हा छोटा सूरा पाठ असतो. या मुळात पहिल्या व्यंजनानंतर एक 'त' सरकवला की 'स्वतःच्या ठायी घडणं' अशी छटा येते: इल्तिहाब, म्हणजे आतून पेटणं. हा साचा आपल्याला अनोळखी नाही. 'हे माझ्या अखत्यारीत नाही' असं सरकारी बाबू म्हणतो, त्यातला अखत्यार म्हणजे अरबी इख्तियार. मूळ ख-य-र, मध्ये तोच 'त'.

म्हणजे शब्दात जंतू कुठेच नाही. आग आहे. आणि गंमत अशी की ही आग फक्त अरबांना दिसली असं नाही. इंग्रजी इन्फ्लमेशनच्या पोटात 'फ्लेम' बसलेली आहे, ती लॅटिनमधून आली. ग्रीकांचा 'फ्लेग्मोनी' हा शब्दही जळण्याच्याच धातूवरचा. आपला 'दाह' तर सरळ 'दह्' म्हणजे जाळणे. रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकात दाहाच्या चार खुणा नोंदवल्या: लाली, सूज, हाताला गरम लागणं आणि वेदना. त्या माणसाला जंतू माहीत असण्याचं कारणच नव्हतं. त्याने लिहिलं ते डोळ्यांना आणि हाताला कळणारं. मुका मार लागला, मधमाशी चावली, घोटा मुरगळला, उन्हाने कातडी भाजली, तरी या चारही खुणा दिसतात. जंतू हे आग लावणाऱ्यांपैकी एक, एकटेच नव्हेत.

अरबी वर्तमानपत्रातही हा शब्द सर्रास भेटतो. 'असआर मुल्तहिबा' असा मथळा दिसला तर किमतींना ताप आलेला नसतो, आपण म्हणतो तसे भाव भडकलेले असतात. 'मुल्तहिब' म्हणजे पेटलेला. हे एकदा डोक्यात बसलं की दवाखान्याच्या कागदावरही तो बरोबर वाचता येतो.

मग लोक त्याला इन्फेक्शन का म्हणतात? कारण रोजच्या जगण्यात भेटणारे बरेचसे इल्तिहाब जंतूंमुळेच झालेले असतात. घसा, कान, लघवीचा मार्ग, फुप्फुस. डॉक्टर म्हणतो इल्तिहाब, लिहून देतो अँटिबायोटिक, माणूस बरा होतो, आणि दोन शब्द कायमचे एकमेकांना चिकटतात. इन्फेक्शनला अरबीत खरा शब्द आहे 'अदवा'. पण तो उच्चारताना लोक बिचकतात, कारण त्यात 'एकाकडून दुसऱ्याकडे जाणं' हा अर्थ ठसठशीत आहे. शत्रूला अरबीत 'अदू' म्हणतात, तोही याच मुळाचा. 'मला अदवा झालाय' म्हणणं म्हणजे 'माझ्यापासून लांब बसा' असं जाहीर केल्यासारखं. त्यामुळे रुग्ण इल्तिहाब म्हणून मोकळा होतो. आपल्याकडे याच्या बरोबर उलट झालंय. आपण 'दाह' हा शब्द पुस्तकात ठेवून दिला आणि 'इन्फेक्शन' मात्र पोटाला, डोळ्याला, दाताला, मिळेल तिथे चिकटवला. मराठी नर्स आणि अरब रुग्ण समोरासमोर आले की दोघांच्याही चुका एकाच दिशेने धावतात आणि कुणालाच शंका येत नाही.

माझा पहिला नियम म्हणून असा आहे की नुसत्या 'इल्तिहाब'चं भाषांतर करायचंच नाही. तो अर्धा शब्द आहे. त्याच्यामागे अवयव येतो, आणि नशीब चांगलं असेल तर त्याच्याही मागे कारण किंवा प्रकार येतो. इल्तिहाब अल्-लौज़तैन म्हणजे टॉन्सिल्सचा दाह. लौज़ म्हणजे बदाम, लौज़तैन म्हणजे दोन बदाम, आणि आरशासमोर आ करून पाहिलंत तर नाव ठेवणाऱ्याला दाद द्याल. इल्तिहाब अज़्-ज़ाइदा अद्-दूदिया म्हणजे अपेंडिसायटिस. दूद म्हणजे किडा, किड्याच्या आकाराचं वाढीव शेपूट. बोलताना मात्र लोक नुसतं 'ज़ाइदा काढली' एवढंच म्हणतात. ही ज़ाइदा आपल्या 'जादा'ची सख्खी बहीण, दोघी एकाच मुळाच्या. इल्तिहाब अस्-सहाया म्हणजे मेंदूच्या आवरणांचा दाह, ज्याची लस टोचून घेतल्याशिवाय हजला जाता येत नाही. सौदीत लोक त्याला 'हुम्मा शौकिया' म्हणजे पाठीच्या कण्याचा ताप म्हणतात, तेव्हा लसीच्या कार्डावर एक नाव आणि बोलण्यात दुसरं असं होऊ शकतं. फुप्फुसाच्या दाहालाही दोन नावं आहेत. बऱ्याच देशांत 'इल्तिहाब रिअवी', पण सीरियन डॉक्टर पुष्कळदा 'ज़ात अर्-रिआ' लिहितो. दमास्कसला वैद्यक गेली शंभर वर्षं अरबीतूनच शिकवतात, त्यामुळे तिथल्या डॉक्टरांच्या तोंडी जुने शब्द टिकले. इतर बहुतेक अरब देशांत शिक्षण इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये होतं.

प्रकार सांगणारे दोन शब्द मात्र प्रत्येकाने ओळखावेत. 'हाद्द' म्हणजे धारदार, आजाराच्या बाबतीत अचानक उठलेला, तीव्र. 'मुज़्मिन' म्हणजे जुनाट. मुज़्मिनमध्ये 'ज़मन' म्हणजे काळ आहे. आपला 'जमाना' त्याच घरचा, तेव्हा मुज़्मिन आजार म्हणजे ज्याला जमाना झालाय तो. घाबरायचं असेलच तर हाद्द शब्दाला घाबरू नये. हाद्द म्हणजे 'गंभीर' असं समजून रडलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. साधा घसा धरला तरी तो हाद्दच असतो.

आता एक गोष्ट जी कोणत्याही शब्दकोशात मला सापडली नाही, मस्कतच्या बाह्यरुग्ण विभागात कळली. बाई आली, बुरख्याचं टोक बोटाला गुंडाळत बसली आणि हळूच म्हणाली, "इंदी इल्तिहाबात." माझ्याकडे इल्तिहाबात आहेत. अनेकवचन. मी नवी होते, डॉक्टरांना सांगितलं, "हिला बऱ्याच ठिकाणी दाह आहे." डॉक्टर म्हणाले, "कुठे कुठे?" मी तिला विचारलं, "वैन? कुठे?" ती लाल झाली. पुन्हा विचारलं. ती उठून जायलाच निघाली. शेवटी शेजारच्या खोलीतल्या ओमानी नर्सने मला बाजूला घेतलं. बायका अनेकवचनात 'इल्तिहाबात' म्हणतात तेव्हा पुष्कळदा अंगावरून पांढरं जाणं, खाज, लघवीला जळजळ असंच काही सांगायचं असतं. आपल्याकडच्या बाया 'खाली त्रास आहे' म्हणतात ना, तसंच. तिथे 'कुठे?' हा प्रश्न म्हणजे तिने जे झाकलं ते ओढून काढणं. त्या दिवसापासून अनेकवचन ऐकलं की मी खोलीतल्या पुरुष नातेवाइकाला आधी चहाला पाठवते, मग बोलते. पुरुष दुभाषी असेल तर ही बाई शेवटपर्यंत 'पोट दुखतं' एवढंच सांगेल आणि पोटाची सोनोग्राफी करून घरी जाईल.

याहून महागात पडू शकली असती ती माझी स्वतःची चूक, आणि ती सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होत नाही. मुंबईतल्या एका रुग्णालयातून शस्त्रक्रिया करून एक ओमानी गृहस्थ परत गेले होते. दहाव्या दिवशी मी विचारपूस करायला फोन केला. लाइन खरखरत होती. ते म्हणाले, "अल्-जुर्ह इल्तहम, अल्हम्दुलिल्लाह." मी ऐकलं 'इल्तहब'. जखम पेटली. सर्जनना तसं कळवलं, त्यांनी लगेच अँटिबायोटिक सांगायला घेतलं, पण आधी फोटो मागवला. फोटोत सुकलेली, स्वच्छ, रेघेसारखी खूण. गृहस्थ म्हणाले होते की जखम भरून आली.

इल्तहब आणि इल्तहम. देवनागरीत लिहिलं तर फरक एका ब-म चा दिसतो, आणि फोनवर ब-म कुणाचेही बदलतात. पण अरबाच्या कानाला दोन फरक ऐकू येतात, कारण मधला 'ह'सुद्धा वेगळा आहे. इल्तिहाबमधला ह आपलाच, हवेतला. इल्तिहाममधला ह घशाच्या तळातून येतो. चष्म्याची काच पुसण्यापूर्वी तिच्यावर वाफ सोडतो तेव्हा जो खरखरीत आवाज होतो, तो. मराठीत या दोन्हींना एकच अक्षर, त्यामुळे आपल्या कानालाही दोन्ही एकच. आणि 'अल्हम्दुलिल्लाह'वरून ओळखायला हवं होतं असं म्हणाल, तर तेही नाही. देवाची कृपा हे उत्तर अरब माणूस बरा असताना देतो आणि अतिदक्षता विभागातूनही देतो. तब्येत कशी आहे याचा त्यावरून काही पत्ता लागत नाही.

इल्तिहामचं मूळ ल-ह-म, 'लहम' म्हणजे मांस. मांस मांसाला धरणं, म्हणजे जखम भरणं, हाड जुळणं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर जो पातळ पडदा पापणीला जोडलेला असतो त्याला म्हणून 'मुल्तहिमा' म्हणतात. आणि डोळे आले की कागदावर येतं 'इल्तिहाब अल्-मुल्तहिमा'. दोन्ही मुळं एकाच ओळीत! नव्या दुभाष्याला मी हीच ओळ म्हणायला लावते. दोन ह वेगळे काढता आले की पुढे जायचं. यात आणखी एक शेपूट आहे, ते भावाच्या कामाचं म्हणून शेवटी सांगते.

उर्दू येणाऱ्या आपल्या लोकांसाठी एक वेगळा खड्डा आहे, आणि त्यात पडलेले चांगले चांगले दुभाषी मला माहीत आहेत. उर्दूत सुजेला 'वरम' म्हणतात. युनानी हकिमांच्या भाषेत वरम म्हणजे सूज आणि दाह, आणि इतिहास पाहिला तर ते बरोबरच आहेत. हजार वर्षांपूर्वीच्या इब्न सीना या हकिमाने 1025 च्या सुमारास पुरा केलेल्या 'अल्-कानून' या वैद्यकाच्या ग्रंथात गरम सुजेला वरमच म्हटलंय. ग्रीकांचा फ्लेग्मोनी तर त्याने 'फलग़मूनी' असा कानाला आला तसाच उचललाय. मालेगावच्या युनानी कॉलेजात शिकलेल्या डॉक्टरला हे सगळं पाठ असतं. पण हजार वर्षांत अरबी पुढे सरकली. आजच्या अरब रुग्णालयात 'वरम' हा शब्द उच्चारला की नातेवाइकांना एकच ऐकू येतं, गाठ. ट्यूमर. सुजलेल्या घोट्याकडे बोट दाखवून "फीह वरम" म्हणणाऱ्या दुभाष्यामुळे येमेनी म्हातारीच्या मुलाने भिंतीला डोकं टेकलेलं मी पाहिलंय. साध्या सुजेला 'तवर्रुम' किंवा 'इन्तिफाख' म्हणावं. इन्तिफाख म्हणजे फुगणं, त्याने कुणी रडत नाही.

असे सारखे दिसणारे पण मनाने परके झालेले शब्द पुष्कळ आहेत. आपली 'तब्येत' अरबीत निसर्ग किंवा स्वभाव. रिपोर्टवर 'तबीई' लिहिलं असेल तर सगळं नॉर्मल आहे असा अर्थ. आपली 'तकलीफ' अरबीत जबाबदारी सोपवणं. 'तकलीफ आहे का?' असं अरबाला विचारलंत तर तो बिलाचा विषय निघाला समजेल, कारण 'तक्लिफा' म्हणजे खर्च. आपण कुठल्याही अर्धांगाला 'लकवा' म्हणतो, अरबी 'लक़्वा' मात्र फक्त तोंड वाकडं होण्यापुरता. आणि 'इम्साक' हा शब्द रमज़ानच्या वेळापत्रकात असेल तर पहाटे खाणं थांबवण्याची वेळ, डॉक्टरच्या कागदावर असेल तर बद्धकोष्ठ.

गुडघ्यांचंही सांगून टाकते, कारण मुंबईला येणाऱ्यांत गुडघेवाले पुष्कळ. म्हातारी माणसं 'इल्तिहाब मफासिल' म्हणजे सांध्यांचा दाह असं फार क्वचित म्हणतात. ती म्हणतात 'खुशूना', खरखरीतपणा. गुडघा खडबडीत झालाय. आपण झीज म्हणतो तीच ही. झीज आणि संधिवात या दोन वेगळ्या वाटा आहेत, औषधंही वेगळी, आणि इथे रुग्णाचा घरगुती शब्द कागदावरच्या शब्दापेक्षा पुष्कळदा नेमका असतो. खुशूना ऐकून मी डॉक्टरांना 'आर्थ्रायटिस' सांगत नाही, 'गुडघा खरखरतो म्हणतात' असंच सांगते. पुढचं त्यांनी ठरवावं.

औषधाच्या खोक्यावर हा शब्द आला की मात्र जास्त जपायचं. 'मुदाद्द लिल्-इल्तिहाब' म्हणजे दाहविरोधी, सूज आणि दुखणं उतरवणारं: डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन ही मंडळी. 'मुदाद्द हयवी' म्हणजे अँटिबायोटिक, जंतूंना मारणारं, उदाहरणार्थ अमॉक्सिसिलिन. दोन्हींत 'मुदाद्द' आहे, म्हणजे विरोधी, आणि रुग्ण घाईत दोन्हींना नुसतं 'मुदाद्द' म्हणतो किंवा अँटिबायोटिकलाच 'इल्तिहाबचं औषध' म्हणतो. समजा त्याने सांगितलं, "तीन आठवडे इल्तिहाबच्या गोळ्या घेतल्या." दुभाष्याने अँटिबायोटिक म्हणून सांगितलं, पण खरं तर तो रोज डायक्लोफिनॅक खात होता. तीन आठवडे डायक्लोफिनॅक म्हणजे मूत्रपिंड तपासायला हवं, जठरात व्रण आहे का विचारायला हवं, रक्तदाब पाहायला हवा. उलट झालं तर जंतू औषधाला जुमानत नाहीत असं समजून डॉक्टर आणखी जड अँटिबायोटिक लिहितील, आणि पहिलं त्याने घेतलेलंच नसेल. म्हणून मी खोकं किंवा गोळ्यांची स्ट्रिप मागते. खोकं नसेल तर फोटो. फोटो नसेल तर घरी बायकोला फोन. आखाती माणसाच्या गोळ्यांचा हिशेब बायकोकडे असतो, हा माझा बारा वर्षांचा अनुभव.

रक्ताच्या तपासणीतही हा शब्द डोकावतो. सीआरपी नावाची तपासणी रुग्णांच्या तोंडी 'तहलील अल्-इल्तिहाब' होते, आणि 'इल्तिहाबचं प्रमाण जास्त आलंय' असं ते काळजीने सांगतात. तो आकडा शरीरात कुठेतरी आग आहे एवढंच सांगतो. कुठे आणि कशाने, ते सांगत नाही.

मग लागण होणारा इल्तिहाब नसतोच का? असतो, आणि आखातात जाणाऱ्यांनी तो ओळखायला हवा. 'इल्तिहाब अल्-कबिद' म्हणजे यकृताचा दाह, हिपॅटायटिस. त्याच्यापुढे 'वबाई' लागलं तर साथीचा. कबिदच्या मागे अक्षर पाहायचं. बी आणि सी रक्तातून पसरतात, ए आणि ई दूषित अन्नपाण्यातून, आणि दारूने किंवा औषधाने झालेला यकृतदाह कुणालाच लागत नाही. कामाच्या व्हिसासाठीच्या वैद्यकीय तपासणीत बी आणि सी पाहतात, त्यामुळे कोकणातल्या बऱ्याच घरांत 'इल्तिहाब' हा शब्द पहिल्यांदा येतो तो याच भीतीतून. मला वाटतं, भावाच्या खोलीतल्या सोबत्याच्या डोक्यातही हेच असावं. कुणाचा तरी व्हिसा कबिदवरून अडलेला त्याने पाहिला असेल, आणि औतारवाल्या कागदावर तोच पहिला शब्द दिसला.

राहता राहिला भावाचा खांदा. कागदावर 'तमज़्ज़ुक' हा शब्द कुठे आहे का, तेवढं पाहा. तमज़्ज़ुक म्हणजे फाटणं. तो असेल तर दोर फाटलाय, मग हाडांच्या डॉक्टरांना दाखवून एमआरआयचं विचारावं लागेल. नसेल तर विश्रांती, शेक, सांगितलेले व्यायाम, आणि काही आठवडे हात खांद्याच्या वर न नेणं. खरं सांगायचं तर जुन्या दुखण्यात या दोरांत दाह फारसा नसतो, ते झिजलेले असतात, म्हणून हल्ली बरेच डॉक्टर टेंडनायटिस हा शब्दच टाळतात. अरबी कागदावर मात्र अजून इल्तिहाबच. लपवून ठेवलेला कागद कंपनीत द्यायला सांगा. तो दिला नाही तर चार दिवस गैरहजेरी लागेल आणि पगार कापला जाईल. कुणी शंका काढलीच तर भावाने डॉक्टरला सोबत्यासमोर एवढंच विचारावं, "हल हुवा मुअदी?", म्हणजे हे लागण होणारं आहे का. डॉक्टर बहुधा हसेल.

आणि ते राहिलेलं शेपूट. मांसाला मांस जोडणं जर इल्तिहाम, तर लोखंडाला लोखंड जोडणं 'लिहाम', आणि ते काम करणारा 'लह्हाम'. भावाच्या बताक्यावर, म्हणजे तिथल्या ओळखपत्रावर, धंद्याच्या रकान्यात हाच शब्द असण्याची शक्यता आहे. दुखणं कशाने झालं ते सांगायला त्याने डॉक्टरला "अना लह्हाम" म्हणावं, मग हात वर करून दाखवावा. हात दाखवायला विसरू नये, कारण डॉक्टर सीरियाचा किंवा लेबनॉनचा निघाला तर त्याच्या गावी लह्हाम म्हणजे खाटीक.